आडेल आणि ओडाल : कुलीनतावाचक जर्मानिक शब्दाची व्युत्पत्ती आणि तिचे अन्वयार्थ

प्रास्ताविक

जर्मन भाषेचा अभ्यास सुरू केलेल्या विद्यार्थ्याला 'आडेल' हा शब्द फार लवकर भेटतो. त्याचा अर्थ उमरावांचा वर्ग. त्याच कुळातले विशेषण 'एडेल', म्हणजे कुलीन, उमदा, उदात्त. रत्नाला जर्मनमध्ये 'एडेलश्टाइन' अर्थात 'कुलीन दगड' म्हणतात. आल्प्स पर्वतातील पांढऱ्या फुलाचे नाव 'एडेलवाइस'. आणि गरुडवाचक 'आडलर' हा शब्दही मुळात 'कुलीन पक्षी' अशा अर्थाचा समास आहे. डच, डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन या भाषांतही हीच शब्दसंपदा थोड्याफार फरकाने आढळते. इंग्रजीत मात्र ती केवळ व्यक्तिनामांत व इतिहासग्रंथांत उरली आहे.

या शब्दाची व्युत्पत्ती सांगताना त्याच्या शेजारी नेहमी दुसरा एक शब्द ठेवला जातो. तो म्हणजे 'ओडाल', वडिलोपार्जित जमीन. दोन्ही शब्द एकाच मुळाचे असल्यामुळे प्राचीन जर्मानिक समाजात कुलीनता म्हणजेच पूर्वजांच्या भूमीवरील स्वामित्व होते, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. हा निष्कर्ष शब्दकोशांपुरता राहिला असता तर त्याची चिकित्सा करण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु विसाव्या शतकात त्याने एका कायद्याचे आणि एका राजकीय चिन्हाचे रूप घेतले. म्हणूनच मूळ व्युत्पत्ती कितपत खरी आहे, आणि खरी असल्यास तिच्यावरून नेमके काय सिद्ध होते, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. शब्दाच्या पोटातून इतिहास काढण्याची ओढ मराठी अभ्यासकाला नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती आपल्याला लावली, आणि त्या वाटेवरचे खड्डेही त्यांच्याच लेखनात पाहायला मिळतात. (परकीय शब्दांचे देवनागरी लेखन येथे स्थूलमानाने केले आहे.)

मूळ रूप आणि मूळ अर्थ

तौलनिक भाषाशास्त्राने प्राचीन जर्मानिकसाठी 'अथल' असे एक कल्पित रूप सिद्ध केले आहे. त्याचे वंशज पाहावेत. प्राचीन उच्च जर्मनमधील 'अडल' म्हणजे वंश, विशेषतः श्रेष्ठ वंश. प्राचीन इंग्रजीतील 'अ‍ॅथेलु' म्हणजे उगम, कुळ, जन्मजात गुण. त्यावरून 'अ‍ॅथेले' हे विशेषण, म्हणजे कुलीन. प्राचीन नॉर्समधील 'अधल' याचा अर्थ मात्र प्रकृती, स्वभाव, एखाद्याचा मूळ गुणधर्म असा आहे. त्यात कुलीनतेचा वास जवळजवळ नाही. आधुनिक आइसलँडिकमध्ये हाच शब्द उपपद म्हणून 'मुख्य' या अर्थाने सरसकट वापरला जातो. रेक्याविक शहरातील सर्वांत जुन्या रस्त्याचे नाव 'अधलस्त्राइती' आहे. त्याचा अर्थ 'मुख्य रस्ता' एवढाच. त्या रस्त्याला कोणी कुलीन म्हणत नाही.

या सर्व अर्थांचा विचार करता मूळ शब्द 'मूळ, जात, प्रकार' अशा तटस्थ अर्थाचा असावा आणि 'चांगले मूळ' हा अर्थ नंतर आला असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. मराठीत हे आपल्या नित्य अनुभवाचे आहे. 'कूळ' प्रत्येकालाच असते. पण 'कुलीन' म्हटले की ते चांगल्या कुळातलेच असते. 'खानदान' आणि 'खानदानी', 'जात' आणि 'जातिवंत' या जोड्यांतही तेच घडले आहे. विशेषणाने नामाला वर उचलले, आणि पुढे विशेषणाचा रंग नामालाही चढला. शब्दकोशात 'आडेल' या नोंदीखाली मूळ अर्थ म्हणून 'श्रेष्ठत्व' दिलेले दिसते तेव्हा हा मधला टप्पा गाळलेला असतो.

आता 'ओडाल'. त्याचे कल्पित प्राचीन रूप 'ओथल'. 'अथल' आणि 'ओथल' यांतील स्वरभेद पाहून संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला वृद्धीची आठवण व्हावी. ती आठवण योग्य आहे. संस्कृतात मनूपासून मानव, कुरूपासून कौरव आणि मगधापासून मागध होतो. आद्य स्वराची वृद्धी होऊन 'त्याचे, त्याच्याशी संबद्ध' असा अर्थ निष्पन्न होतो. संस्कृतातील दीर्घ 'आ'च्या जागी जर्मानिकमध्ये दीर्घ 'ओ' येतो. 'भ्राता' आणि जुन्या इंग्रजीतील 'ब्रोथोर' यांची तुलना केल्यास हे स्पष्ट होईल. जर्मानिक भाषांतही या वृद्धिप्रक्रियेचे अवशेष आहेत. गेऑर्ग डार्म्स यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधाचा तोच विषय होता. कोंबड्याचे 'हान' आणि कोंबडीचे 'हून' ही जर्मन जोडी त्याचे प्रसिद्ध उदाहरण. या न्यायाने 'ओथल' म्हणजे 'अथलाचे जे ते', कुळाकडे असलेले, कुळाचे. चौथ्या शतकात वुल्फिला याने केलेल्या गॉथिक बायबलमध्ये शेतजमिनीसाठी 'हाइमोथ्ली' असा समास येतो. त्याचे उत्तरपद हेच आहे.

तेव्हा दोन्ही शब्द सगोत्र आहेत, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र जमिनीचा शब्द कुळाच्या शब्दापासून साधलेला आहे, कुळाचा शब्द जमिनीच्या शब्दापासून नव्हे. आणि त्या कुळाच्या शब्दात श्रेष्ठत्व मुळात नव्हते. हा क्रम ध्यानात ठेवला पाहिजे.

त्याहून मागे गेल्यास जमीन निसरडी होते. काही विद्वान 'अथल'चा संबंध पितृवाचक 'अत्ता' या शब्दाशी जोडतात. गॉथिकमध्ये 'अत्ता' म्हणजे बाप. संस्कृतात 'अत्ता' म्हणजे आई किंवा वडीलधारी स्त्री, द्राविड भाषांत 'अत्तै', आणि आपल्याकडे घरोघरी 'आत्या'. जर्मन उमरावांचे नाते असे आपल्या आत्याबाईंशी जुळवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु हे बालभाषेतील शब्द आहेत. जगातील परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या भाषांतही ते सारखेच निघतात, म्हणून त्यांच्या साम्यावर फार भार टाकू नये.

वर्गवाचक अर्थाचा उदय

प्राचीन जर्मानिक कुलीनतेविषयी लिहिताना टॅसिटसचा आधार हमखास घेतला जातो. इसवी सन ९८ च्या सुमाराच्या आपल्या 'गेर्मानिया' या ग्रंथात तो सांगतो की हे लोक राजे निवडताना कुलीनता पाहतात आणि सेनानी निवडताना पराक्रम. पण टॅसिटस लॅटिनमध्ये लिहीत होता. त्याने वापरलेल्या 'नोबिलितास' या शब्दामागे मूळ लोकांच्या तोंडी कोणता शब्द होता, हे त्याच्या ग्रंथातून कळत नाही. असे असूनही कित्येक विवेचकांनी त्या जागी 'अडल' हा शब्द बसवून टाकला आणि मग टॅसिटसलाच 'अडल'च्या प्राचीनतेचा साक्षीदार केले. हा चक्रक दोष आहे. शिवाय दोन शब्दांची प्रकृती भिन्न आहे. लॅटिन 'नोबिलिस' हा जाणण्याच्या धातूपासून, म्हणजे आपल्या 'ज्ञा' धातूच्या सगोत्रापासून आलेला आहे. त्याचा अर्थ 'ज्ञात, नामांकित'. रोमन कुलीनता लोकांनी ओळखण्यावर उभी होती, जर्मानिक शब्दाने मात्र उगमाकडे बोट दाखवले.

वर्गवाचक म्हणून हा शब्द निश्चितपणे हाती लागतो तो कॅरोलिंगियन काळात. नवव्या शतकातील इतिहासकार निथार्ड सॅक्सन लोकांचे तीन वर्ग सांगतो : एधिलिंग, फ्रिलिंग आणि लाझ्झी, म्हणजे कुलीन, स्वतंत्र आणि बद्ध. हे वर्ग तो सांगतो तेही एका बंडाच्या निमित्ताने. खालच्या दोन वर्गांनी आपल्या धन्यांविरुद्ध केलेल्या 'श्टेलिंगा' नावाच्या उठावाची हकीकत त्याला द्यायची होती. थुरिंगियन लोकांच्या कायद्यात 'अडलिंग' मारला गेल्यास ६०० सॉलिडस आणि स्वतंत्र मनुष्य मारला गेल्यास २०० सॉलिडस इतकी भरपाई ठरवलेली आहे. एका कुलीनाची किंमत तीन स्वतंत्र माणसांइतकी. 'अडल' या शब्दाचा याहून नेमका अर्थ कोणत्याही व्युत्पत्तिकोशात सापडणार नाही.

इंग्लंडमध्ये 'अ‍ॅथेलिंग' ही संज्ञा हळूहळू राजवंशातील पुरुषापुरती मर्यादित झाली. १०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईनंतर सरदारसभेने राजा म्हणून निवडलेला, पण कधीच अभिषेक न झालेला एडगर हा 'अ‍ॅथेलिंग' म्हणूनच ओळखला जातो. नॉर्मन विजयानंतर फ्रेंच 'नोबल' आला आणि देशी शब्द मागे हटला. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या 'सर गवेन' या काव्यात तो 'अथेल' या रूपात अद्याप जिवंत आहे. त्यानंतर तो लवकरच मावळला.

व्यक्तिनामांत मात्र तो टिकला, आणि तेथील त्याची गत मोठी बोधक आहे. 'अडल' आणि 'हाइट' मिळून आडेलहाइट. तिचीच हायडी, तिचीच फ्रेंचमार्गे अ‍ॅलिस, आणि चौथ्या विल्यमच्या राणीमुळे १८३६ साली ऑस्ट्रेलियातील शहराला मिळालेले अ‍ॅडलेड हे नावही तेच. 'अडल' आणि 'वुल्फ' मिळून आडोल्फ. अ‍ॅथेलरेड या राजाच्या नावाचा अर्थ 'कुलीन मसलत'. त्याला 'अनरॅड', म्हणजे 'मसलत नसलेला', अशी जोड देऊन त्या अर्थाची थट्टा केली गेली. सातव्या शतकात ईली येथे मठ स्थापणाऱ्या अ‍ॅथेलथ्रिथ या संत स्त्रीचे नाव झिजत झिजत 'ऑड्री' झाले. तिच्या नावाच्या जत्रेत विकल्या जाणाऱ्या स्वस्त रेशमी फितींना 'सेंट ऑड्रीज लेस' म्हणत, आणि त्यातूनच भडक, हलक्या प्रतीच्या वस्तूसाठी इंग्रजीत 'टॉड्री' हे विशेषण रूढ झाले. ज्या शब्दाचे पहिले अक्षर 'कुलीन' होते त्याचे शेवटचे अक्षर 'भपकेबाज' झाले.

जर्मनमध्ये प्रवास उलट दिशेने झाला. अठराव्या शतकात 'एडेल' हे विशेषण जन्मापासून सुटून मनाच्या गुणाकडे वळले. विंकेलमान याने १७५५ साली ग्रीक शिल्पाविषयी लिहिताना ते सौंदर्याच्या क्षेत्रात आणले, आणि १७८३ च्या सुमारास गटेने 'दैवी' या अर्थाच्या शीर्षकाच्या आपल्या कवितेत ते मनुष्यमात्राच्या कर्तव्याला लावले. मध्यमवर्गाने उमरावांच्या हातातून हा शब्द काढून घेतला, असे या घडामोडीचे वर्णन करता येईल. नाम मात्र उमरावांकडेच राहिले.

भूमी आणि वारसा

'ओडाल'चा इतिहास स्कँडिनेव्हियात पाहावा लागतो. स्टॉकहोमजवळच्या नोरा येथील अकराव्या शतकातील रून-लेखात आपल्या भावाचे स्मारक कोरवणारा मनुष्य, ही वाडी आमचे ओडाल व वंशपरंपरागत वित्त आहे, असे कातळावर नोंदवून ठेवतो. हे स्मारकही आहे आणि मालकीहक्काचा दस्तऐवजही. पश्चिम नॉर्वेतील गुलातिंग कायद्यात ओडाल सिद्ध करण्यासाठी पूर्वजांची मालिका मोजावी लागे. पाच पिढ्यांनी धारण केलेली जमीन सहाव्या पिढीकडे आली म्हणजे ती ओडाल. १२७४ च्या मॅग्नस राजाच्या कायद्याने ही अट साठ वर्षांच्या वहिवाटीवर आणली. अमुक घराणे 'अनादि काळापासून' भूमीशी जखडलेले असते, या समजुतीला इथेच धक्का बसतो. ओडाल म्हणजे मुदतीने पक्की होणारी वहिवाट होती. आणि ती मुदत कायदा ठरवत असे, रक्त नव्हे.

प्राचीन इंग्रजीत याच शब्दाचे रूप 'एथेल'. त्याचे दोन अर्थ आहेत : वडिलोपार्जित जमीन आणि मायभूमी. रून लिपीतील एका अक्षराचेही ते नाव आहे. 'बेओवुल्फ'च्या हस्तलिखितात लेखकाने तीन ठिकाणी पूर्ण शब्द न लिहिता केवळ ते अक्षर काढले आहे. या दोन अर्थांची सांगड मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. अरबीत 'वतन' म्हणजे मायभूमी. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ वंशपरंपरेने चालणारा हुद्दा व त्यासाठीची जमीन असा झाला. पण याच ठिकाणी आपल्या इतिहासाने एक गोष्ट स्पष्ट केली आहे. वतन पाटलाला होते तसे महारालाही होते. ते वंशपरंपरागत होते, गावाच्या भूमीशी बांधलेले होते, आणि तरीही त्याने प्रतिष्ठा दिली नाही. दास्य मात्र पिढ्यानपिढ्या दिले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच कारणाने. वारसा आणि भूमी एकत्र आली की कुलीनता आपोआप निपजते, या प्रमेयाला याहून सबळ प्रत्युत्तर युरोपातही शोधून मिळणार नाही.

ओडालविषयी चुकीच्या व्युत्पत्तीही पुष्कळ झाल्या. इंग्लिश कायद्याचा भाष्यकार ब्लॅकस्टोन याने १७६६ च्या आपल्या दुसऱ्या खंडात, 'ओध' म्हणजे मालकी आणि 'ऑल' म्हणजे संपूर्ण अशी फोड करून, हीच अक्षरे उलटवली की 'अलोडियम' हा शब्द मिळतो, असे प्रतिपादन केले. ही कोटी म्हणून सुरेख आहे, व्युत्पत्ती म्हणून निराधार. 'अलोडियम'चे उत्तरपद संपत्तिवाचक वेगळ्याच शब्दाचे आहे. फ्रीडरिख श्लेगेल याने १८१९ साली संस्कृत 'आर्य' आणि जर्मन 'एहरे', म्हणजे मान, यांचे नाते लावले. तेही टिकले नाही. अशा चुका दाखवणे सोपे असते. अवघड प्रसंग पुढे आहे.

व्युत्पत्ती बरोबर, अनुमान चूक

रिखार्ड वाल्टर डारे याने १९३० साली 'रक्त आणि भूमीतून नवा आडेल' अशा अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक प्रसिद्ध केले. १९३३ मध्ये तो हिटलरच्या मंत्रिमंडळात अन्न व कृषिमंत्री झाला. त्याच्या मासिकाचे नाव 'ओडाल' होते. त्याच्या हाताखालील एसएसच्या वंश व वसाहत कार्यालयाचे चिन्ह ओडाल रून हेच होते. आडेल आणि ओडाल हे एकच, म्हणून खरा कुलीन तो पिढीजात शेतकरी, आणि शेतकऱ्याचे रक्त शुद्ध राखणे हे राज्याचे कर्तव्य, अशी त्याची विचारमालिका होती.

येथे टीकाकाराची खरी अडचण आहे. ब्लॅकस्टोन आणि श्लेगेल व्युत्पत्तीत चुकले होते. डारेच्या विचाराखालील व्युत्पत्ती मात्र बरोबर आहे. 'आडेल' आणि 'ओडाल' खरोखरच सगोत्र आहेत. तेव्हा 'त्याने शब्दाचा विपर्यास केला' एवढे म्हणून भागत नाही, आणि नेमके तेवढेच म्हणून बहुतेक लेखक थांबतात. दोष पुढच्या पायरीत आहे. दोन शब्द एका मुळाचे असणे ही भाषेतील घटना आहे. त्या शब्दांनी दर्शविलेल्या वस्तू एक असणे, आणि त्या तशाच राहिल्या पाहिजेत असा आदेश त्यातून निघणे, या संपूर्णपणे निराळ्या गोष्टी आहेत. शिवाय 'अथल' या मूळ शब्दातील 'प्रकार, उगम' या तटस्थ अर्थाच्या जागी डारेने 'श्रेष्ठ रक्त' हा सर्वांत उशिराचा अर्थ ठेवला आणि त्यालाच सर्वांत जुना ठरवले.

२९ सप्टेंबर १९३३ च्या वंशपरंपरागत शेती कायद्यात हे अनुमान कलमबद्ध झाले. स्थूलमानाने साडेसात ते १२५ हेक्टरपर्यंतची शेते विक्रीस व गहाणास बंद करण्यात आली. 'शेतकरी' ही पदवी केवळ त्यांच्या धारकांपुरती राखली गेली, आणि ती मिळवण्यासाठी १ जानेवारी १८०० पर्यंत मागे जाऊन आपल्या पूर्वजांत ज्यू रक्त नसल्याचे दाखवावे लागे. वारसाच्या क्रमात मुलगे, मग बाप, मग भाऊ आणि त्यांच्यानंतर मुली. गुलातिंगच्या कायद्यात पूर्वज मोजले जात ते जमिनीवरचा दावा शाबीत करण्यासाठी. येथे पूर्वज मोजले गेले ते माणसालाच वगळण्यासाठी.

नॉर्वेचे उदाहरण

हीच दोन सगोत्र नामे एका देशात समोरासमोर उभी राहिली, तो देश नॉर्वे. १८१४ च्या नॉर्वेजियन राज्यघटनेच्या १०७ व्या कलमाने 'ओडेल' हक्काला संरक्षण दिले. त्याच्या लगतच्या १०८ व्या कलमाने नव्या सरदारक्या व जहागिरी निर्माण करण्यास मनाई केली. पुढे संसदेने उमराववर्ग रद्द करणारे विधेयक १८१५ व १८१८ साली संमत केले. राजाने दोन्ही वेळा संमती नाकारली. १८२१ साली तिसऱ्यांदा ते संमत झाले आणि 'आडेल' संपुष्टात आला. 'ओडेल' राहिला. घटना लिहिणाऱ्यांना दोन्ही शब्दांचे मूळ एक असल्याची अडचण कोठे जाणवलेली दिसत नाही. त्यांच्या भाषेत उमराववाचक शब्द जर्मनमार्गे आलेला पाहुणा होता आणि जमिनीचा शब्द घरचा; पण त्यांचा निर्णय भाषेवर अवलंबून नव्हताच. एक हक्क शेतकऱ्याचे संरक्षण करतो आणि दुसरा शेतकऱ्यावर स्वार होतो, एवढे त्यांना पुरले. संसदेच्या दोन विभागांपैकी एकाचे नावही 'ओडेल्सतिंग' ठेवले गेले. ते २००९ पर्यंत चालले.

ओडेलला सर्वस्वी निर्दोष ठरवण्याचा येथे हेतू नाही. शेत विकले गेल्यावरही ते परत मागण्याचा अधिकार घराण्याला देणारा हा हक्क खरेदीदाराच्या दृष्टीने जाचक आहे, आणि नॉर्वेत त्यावर वाद होत आले आहेत. तरी त्याची वाटचाल पाहण्याजोगी आहे. सहा पिढ्यांपासून निघालेली अट साठ वर्षांवर आली होती. १९७४ च्या कायद्यात ती वीस वर्षांची आहे. याच कायद्याने मुलगा व मुलगी यांतील भेद काढला. १९६५ पासून जन्मलेल्या अपत्यांत जे ज्येष्ठ, त्याचा हक्क पहिला, मग ती मुलगी असली तरी. डारेच्या वारसाक्रमात आजोबा आणि काका यांच्या मागे उभी केलेली मुलगी त्याच शब्दाच्या आधारे नॉर्वेत वडिलांच्या शेताची पहिली वारसदार झाली.